बाहुलीभोवतीचं कडं

आमच्या स्टुडिओत अकरा दिवे आहेत आणि ते लावणाऱ्याच्या डोक्यात एकही पेटत नाही. हे मी पाठीमागे बोलत नाही. तोंडावर बोलले आहे, दोनदा, आणि दोन्ही वेळा तो हसून म्हणाला होता, "बाई, तुमची जीभ म्हणजे ना..." पुढचं त्याला सुचलं नाही. त्याला पुढचं कधीच सुचत नाही. एक वस्तू हातात आली की तो दुसरीचा कॅटलॉग उघडतो.

तो म्हणजे आमचे धाकटे मालक. रस्त्यावर सगळे त्याला 'झगमग' म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. समोर मी मालक म्हणते, अहो-जाहो करते. मनात झगमगच म्हणायचे आणि मनातल्या माणसाला अहो-जाहो करायची मला सवय नाही.

मी या स्टुडिओत तीस वर्षं फोटोंवर हात फिरवते. डाग, फोड, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कॉलरवर पडलेला केस, जे जे गिऱ्हाइकाला आरशात चालतं पण फोटोत चालत नाही, ते मी काढते. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं काढायचे, आता कॉम्प्युटरवर काढते. साधन बदललं, थोबाडं तीच आहेत.

मला ठेवलं ते थोरल्या मालकांनी, म्हणजे झगमगच्या वडिलांनी. ते एका दिव्यावर फोटो काढायचे. एक दिवा, एक छत्री आणि समोरच्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर टाकलेली पांढरी चादर. छत्री पावसाची नव्हे. पांढऱ्या कापडाची, दिव्याचा झोत तिच्यावर आपटून मऊ होऊन माणसावर पडावा म्हणून लावतात ती. ती कुठे उभी करायची हे ठरवायला ते कधी कधी अर्धा तास लावायचे. गिऱ्हाइकाशी गप्पा चालू, आणि हातानं छत्री वीतभर पुढे, वीतभर मागे. मग मला हाक मारायचे. "पोरी, डोळ्यांत बघ. उजेड कुठून आला ते डोळा सांगतो."

ते खरंच होतं. फोटोतल्या माणसाच्या बुबुळावर एक पांढरा ठिपका असतो, समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब. छत्री असेल तर गोल आणि आत बारीक काड्या. खिडकी असेल तर चौकोन. ठिपका नसेल तर माणूस जिवंत वाटत नाही. भिंग लावून तो ठिपका बघितला की कुठला दिवा, किती उंचीवर, कुठल्या हाताला, हे मी छातीठोक सांगू शकते. या धंद्यात मला येतं ते एवढंच, पण ते पक्कं येतं.

थोरले गेले आणि महिन्याच्या आत झगमगनं दिव्यावर बसवायचा पाच फुटांचा अष्टकोनी खोका मागवला. आतून चंदेरी, तोंडावर पांढरं कापड, मोठ्या मासिकांच्या स्टुडिओत असतो तसा. आमची फोटो काढायची खोली नऊ फूट रुंद आणि चौदा फूट लांब. उंच माणसानं आळस दिला तर हात छताला लागतो. खोका उघडल्यावर खोलीत खोका तरी मावत होता किंवा गिऱ्हाईक तरी.

तेही एक वेळ चाललं असतं, पण खोका दिव्यावर बसेना. दिव्याच्या तोंडाशी एक लोखंडी कडं असतं, त्याला खाचा असतात. त्या खाचांत खोक्याचे दात अडकायला हवेत. प्रत्येक कंपनीचं कडं वेगळं. थोरल्यांच्या दिव्याचं कडं जुन्या वळणाचं, खोक्याचं नव्या. सुई-दोऱ्याच्या दुकानात बटण घेतानासुद्धा माणूस शर्ट बरोबर नेतो, पण यानं कडं न बघता खोका मागवला होता. परत पाठवायचा की नाही? तर नाही. यानं खोक्याला बसेल असा नवा दिवा घेतला. नालेसाठी घोडं घेणं आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून शिकलो होतो. घेतलेलं प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हा.

मग ते चालूच राहिलं. नव्या दिव्यावर ब्यूटी डिश बसेना. ब्यूटी डिश म्हणजे पांढरी पत्र्याची परात, मधे एक झाकण. तिनं गालाची हाडं उठून दिसतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं पासपोर्टचे फोटो काढायला येतात, त्यांना गालाची हाडं उठवून कुठे जायचंय? पण परातीसाठी आणखी एक दिवा आला. त्या दिव्यावर झोत बारीक करणारं नळकांडं बसेना. नळकांड्यासाठी कडं बदलायचा जोड आला, तो ढिला निघाला आणि नळकांडं एका निवृत्त न्यायाधीशांच्या मांडीवर पडलं. त्यांनी आठवडाभरानं दुसरीकडे फोटो काढला. मी तो त्या दुकानाच्या काचेत पाहिला. एक छत्री, डाव्या हाताला, थोडी उंच. बरा होता.

घेतलेले दिवेही असे की मैदान उजळावं. खोली एवढीशी आणि दिवा सगळ्यात जोरकस, का, तर "बाई, ताकद हाताशी असलेली बरी." तो दिवा कितीही खाली केला तरी कमी व्हायचाच नाही. गिऱ्हाइकं डोळे मिटायची. चेहऱ्यावरचं एकेक छिद्र मोजता यावं असे फोटो यायचे आणि ती छिद्रं बुजवत मी बसायची. शेवटी झगमगनं उपाय काढला. खिशातला रुमाल काढायचा आणि दिव्याच्या तोंडावर बांधायचा. पांढरे, निळ्या काठाचे रुमाल. तो डझनावारी घेतो. जगातली उत्तम यंत्रं मागवायची आणि त्यांच्यावर नाक पुसायचा रुमाल बांधायचा. तीन रुमाल करपले. मला वाटलं होतं तेवढ्यानं तरी शहाणा होईल, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्याला राग मात्र येत नाही. काही पडलं, फुटलं, गिऱ्हाईक ओरडलं, तरी म्हणतो, "माझंच चुकलं." आणि पुन्हा तेच करतो. मला तर त्याचा तो न रागावण्याचा स्वभावही एक दोषच वाटायचा. चूक इतक्या सहज कबूल करणाऱ्याला ती स्वस्तात पडते असं माझं मत होतं.

वर्षातून एकदा तो कुठल्यातरी शिबिराला जातो. प्रकाशयोजनेचं शिबिर. तिथून गळ्यात नावाची पट्टी घालून येतो आणि ती तीन दिवस काढत नाही. फोटो काढताना काळा शर्ट घालतो, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेड चेहऱ्यावर जातो असं तिथे सांगितलं. खोलीच्या भिंती मात्र हिरव्या. खोका इतका मोठा की उजेड भिंतींवर जातो, भिंतींचा रंग माणसांवर येतो आणि सगळा गाव कावीळ झाल्यासारखा दिसतो. भिंती रंगवा म्हटलं तर म्हणतो, "वडिलांनी निवडलेला रंग आहे, बाई." शर्ट बदलला, भिंत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी आणखी कशाला म्हणतात?

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग माझ्या बहिणीच्या डोळ्याचं झालं.

धाकटी टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. अठरा वर्षं. कुणाचं पाकीट कुठे जातं, कुणाचं येत नाही, कुणाला मुलाचं पत्र आलं की ते उघडायच्या आधी खुर्ची द्यावी लागते, हे सगळं तिला माहीत. बोलकी इतकी की लहानपणी आमची आई म्हणायची, हिला भिंतीशी बसवलं तर भिंत उत्तर देईल. एक दिवस पार्सलाची प्लास्टिकची पट्टी कापताना ती ताणलेली पट्टी उसळली आणि डाव्या डोळ्यात बसली. डोळा गेला. काढावा लागला.

त्यानंतर काही दिवस ती काळा चष्मा लावून खिडकीवर बसली, मग तिला मागच्या खोलीत घातलं, थैल्या सोडवायला. तिथे ती, एक वजनकाटा आणि भिंतीवरचं घड्याळ. मुख्य बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खिडकी तुझीच आहे. डोळा बसव आणि ये." धाकटीनं ते वाक्य इतक्यांदा मला सांगितलं की मला पाठ झालं. तिला रूप नको होतं, कीवही नको होती. तिला ती खिडकी परत हवी होती.

कृत्रिम डोळे करणारे एक म्हातारे कारागीर होते, दुसऱ्या शहरात. फार नावाजलेले. त्यांना प्रवास होत नव्हता आणि त्यांच्याकडे रांग मोठी. डॉक्टरांनी खोबणीचा साचा घेऊन पाठवला आणि बरोबर चांगल्या डोळ्याचा मोठा, खऱ्या रंगाचा फोटो मागितला. त्या फोटोवर बघून म्हातारा दुसरा डोळा रंगवणार. सोबत एक छापील चिठ्ठी होती. त्यात लिहिलं होतं, फोटोवर कोणताही हात फिरवू नये, जसा आहे तसा पाठवावा.

मी झगमगला म्हटलं, "मालक, थोरल्यांची छत्री काढा. बाजूला धरा, बरीच बाजूला, म्हणजे ठिपका बुबुळाच्या कडेला जाईल. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून. एकात झाकलं ते दुसऱ्यात दिसेल."

"छत्री?" तो म्हणाला. "बाई, डोळा हा विषयच रिंगचा आहे."

त्याच आठवड्यात त्याचा रिंग फ्लॅश आला होता. गोल दिवा, मधे भोक, भोकातून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर. दिवा सगळ्या बाजूंनी सारखा पडतो, सावली म्हणून नाही. दातांचे डॉक्टर वापरतात. यानं तो का घेतला होता ते त्यालाही सांगता येत नव्हतं, आणि आता अचानक त्याला कारण मिळालं होतं. त्याचा चेहरा असा फुलला की मला हात उचलावासा वाटला.

"मालक, तो गोल दिवा डोळ्यात गोलच दिसेल."

"थोडा मऊ करू की."

आणि त्यानं खिशातून रुमाल काढून, मधलं भोक मोकळं ठेवत, दिव्यावर गुंडाळला.

धाकटी स्टुलावर बसली होती. तिला गंमत वाटत होती. तिनं डावा डोळा झाकला होता, उजवा सताड उघडा ठेवून ती म्हणाली, "ताई, भांडू नका. मला पापणी हलवायची नाहीये." त्यानं चाळीस फोटो काढले. प्रत्येक वेळी स्वतःच वाकून बघायचा आणि म्हणायचा, "काय डोळा आहे, वा, काय डोळा आहे." ती हसायची. त्या दुपारी ती बऱ्याच दिवसांनी हसत होती, हे मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसले असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून माझ्या टेबलावर आला. मी भिंग लावलं. तिचा डोळा गडद तपकिरी, आमच्या आईसारखा. आणि मधे, बाहुलीला लागून, एक फिकट राखाडी कडं. उघड्या दिव्याचं असतं तर ते पांढरंधोप आलं असतं. कुणीही म्हटलं असतं, हा दिवा आहे. पण रुमालानं ते मऊ केलं होतं. कडा विरघळल्या होत्या. ते डोळ्याचंच वाटावं इतकं शांत बसलं होतं तिथे.

मला कळलं. लगेच कळलं. तीस वर्षं मी दुसरं काय करते आहे?

उठून पलीकडच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, मालक, परत काढा. दहा पावलं. मी गेले नाही. मला वाटलं, तो म्हातारा नावाजलेला कारागीर आहे, डोळे रंगवण्यात आयुष्य गेलं त्याचं, त्याला बघताक्षणी समजेल. तो फोटो परत पाठवील. बरोबर दोन ओळी लिहील, की असला फोटो कुठल्या गाढवानं काढला. आणि ती चिठ्ठी मी त्या अष्टकोनी खोक्याच्या मधोमध चिकटवीन. माझं म्हणणं झगमगनं कधी मनावर घेतलं नव्हतं, त्या माणसाचं तरी घेईल. पंधरा दिवस उशीर होईल, एवढंच. मी फोटो पाकिटात घातला. हात फिरवू नये असं लिहिलंच होतं.

आता सांगताना मला माझी किळस येते. तेव्हा नाही आली. तेव्हा मी पाकीट चिकटवताना खुशीत होते.

फोटो परत आला नाही. तीन महिन्यांनी डोळा आला, कापसात गुंडाळलेला, छोट्या डबीत. डॉक्टरांनी बसवला आणि धाकटी तिथून थेट स्टुडिओत आली. दारातूनच म्हणाली, "बघ."

मी बघितलं. उजवा डोळा आमच्या आईचा. डावा डोळाही आमच्या आईचा, पण त्याच्या बाहुलीभोवती फिकट कडं. ती मान वळवत होती, हसत होती, आणि ते कडं जागच्या जागी होतं.

झगमग धावत आला. "वा, वा," तो म्हणाला, "किती जिवंत आलाय." त्याला काही दिसलंच नाही. डोळ्यांपुढे धरलेलं ज्याला दिसत नाही तो माणूस डोळ्यांसाठी दिवे निवडतो, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी दुसरंही आलं, की मला तर दिसलं होतं.

"छान आहे," मी म्हणाले.

धाकटी खिडकीवर बसली. चार दिवस. पाचव्या दिवशी तिनं स्वतःच मुख्य बाईंना सांगितलं की मी मागच्या खोलीत जाते. संध्याकाळी माझ्याकडे आली आणि चपला न काढताच बसली.

"माणसं बोलता बोलता थांबतात गं," ती म्हणाली. "पाकीट हातात, आणि कशाला आलो तेच विसरतात. काळा चष्मा होता तेव्हा निदान कीव करायचे आणि पाकीट द्यायचे. आता कोण कुठल्या डोळ्यात बघू म्हणून चाचपडतं. एक आजी म्हणाल्या, तुझ्या डोळ्यात अंगठी पडलीय का? चांगल्या मनानं म्हणाल्या. मी घरी येऊन आरशात बघितलं. डॉक्टरांच्या आरशात मला ती दिसलीच नव्हती, मी डोळा आहे हेच बघत होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओतून त्या कारागिरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. म्हातारे सावकाश बोलायचे, आवाजात मार्दव होतं.

"फोटोत आहे तसंच रंगवलंय, बाई. बाहुलीभोवती राखाडी कडं. असे डोळे असतात, फार नसतात, पण असतात. मी पन्नास वर्षांत चार पाहिले. तुमचा पाचवा म्हणून हातचं काही राखलं नाही. ते कडं जमवायला मला तीन दिवस लागले." मग त्यांनी विचारलं, "का? काही चुकलं का?"

झगमगनं टेबलावरची, आमच्याकडे राहिलेली त्या फोटोची प्रत उचलली, खिडकीशी नेली, आणि मी बघत होते, त्याला ते पहिल्यांदा दिसलं. त्याचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, आता कॅटलॉग निघणार. आता कंपनीचं नाव, कारागिराची नजर, छापखान्याची शाई, सगळं निघणार. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं; त्यानं एक शब्द सबबीचा काढला असता तर मी मोकळी झाले असते.

तो फोनजवळ गेला. "तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "तो माझा दिवा होता. मी चुकीचा दिवा निवडला आणि वर रुमाल बांधला. डोळ्यात कडं नव्हतंच. तुम्हाला तीन दिवस फुकट घालवायला लावले." मग तो धाकटीसमोर येऊन उभा राहिला. खुर्ची ओढली नाही, हात जोडले नाहीत. "तुमची खिडकी माझ्यामुळे गेली," तो म्हणाला. "मी परत फोटो काढतो. पण दिवा मी निवडणार नाही. बाई सांगतील तसा लावीन."

मालक माझ्याकडे वळले. हो, मालक. तेव्हापासून मनातसुद्धा दुसरं नाव येत नाही.

मी थोरल्यांची छत्री माळ्यावरून काढली. एक काडी वाकली होती. दिवाही त्यांचाच, जुन्या कड्याचा, त्यावर ती मुकाट बसली. मी ती धाकटीच्या कानाच्या रेषेत नेली, मग आणखी मागे. पांढरा ठिपका सरकत सरकत बुबुळाच्या काठाला गेला. मग तीच छत्री दुसऱ्या हाताला नेली. मालक कॅमेऱ्याशी उभे होते आणि मी म्हणेन तेवढंच करत होते. काळा शर्ट नव्हता घातला.

दोन्ही बाजूंचे फोटो झाले. धाकटी स्टुलावरच बसून होती. तिचे दोन्ही डोळे माझ्या टेबलाकडे लागले होते, तिथे भिंग होतं.

"ताई," ती म्हणाली, "फोटो पाठवायच्या आधी तू बघतेस ना गं? भिंगातून?"

मी तोंड उघडायच्या आधी मालक बोलले. "त्यांना हात लावायची मनाईच होती. तशी चिठ्ठी होती, मी वाचली होती. त्यांनी मला आधी छत्रीही सांगितली होती. मी ऐकलं नाही. यात त्यांचं काही नाही."

ते मनापासून बोलत होते. वर्षानुवर्षं ज्याला मी मूर्ख म्हटलं तो माणूस माझ्यासाठी साक्ष देत होता आणि ती साक्ष खोटी आहे हे त्याला माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, की मला दिसलं होतं. तीन शब्द होते. माझी जीभ म्हणजे ना, ती त्या दिवशी टाळ्याला चिकटली.

"चिठ्ठी होती," मी म्हणाले.

धाकटीनं मान हलवली आणि स्टुलावरून उतरली.

नवा डोळा पाच महिन्यांनी आला. साधा तपकिरी. कुणाच्या लक्षातही येत नाही. धाकटी खिडकीवर परत बसली आणि पहिल्याच आठवड्यात रांग मोठी झाली, कारण ती सगळ्यांशी बोलत बसते. मालकांवर तिचा राग नाही. जाता येता दारातून हाक मारते, "काय, नवीन काय घेतलं?" आणि ते ओशाळून सांगतात. घेतलेलं असतंच. कड्याची गोष्ट ते मात्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतात, माझी चूक म्हणून. मी आत बसून ऐकते.

खिडकीवर बसल्यावर महिन्याभरानं ती माझ्या टेबलाशी आली आणि ती जुनी डबी समोर ठेवली. आत कापूस, कापसात तो पहिला डोळा.

"हा तुझ्याकडे राहू दे, ताई," ती म्हणाली. "तुला बारीक बघायची सवय आहे."

आवाजात राग नव्हता. नेहमीसारखीच बोलली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. तिला कुणी सांगितलं असणं शक्य नव्हतं. मालकांना ठाऊकच नाही, आणि मी अजून बोललेले नाही.

डबी माझ्या खणात असते, भिंगाच्या शेजारी. मी एकदाच तो डोळा भिंगाखाली धरला. म्हाताऱ्याचं काम फार सुंदर आहे. कड्याच्या खालच्या अंगाला त्यांनी केसाएवढी एक निळसर रेघसुद्धा काढली आहे, रुमालाच्या काठाची. ती मला त्या दिवशी फोटोतही दिसली होती.